क्षमा कोणी करावी?

वाचकहो, अन्याय एकाने सोसावा आणि क्षमा दुसऱ्याने करावी, हे न्याय्य आहे काय? वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेपुढे हाच प्रश्न उभा राहिला. १९९५ च्या कायद्यान्वये तेथे सत्य व समेट आयोग नेमला गेला. आर्चबिशप डेस्मंड टुटू त्याचे अध्यक्ष होते. राजकीय हेतूने केलेल्या अपराधाची जो संपूर्ण कबुली देई, त्याला शिक्षेतून माफी मिळू शके. पश्चात्तापाची अट मात्र नव्हती.

स्टीव्ह बिको यांचा १९७७ साली पोलीस कोठडीत झालेल्या जखमांनी अंत झाला. त्यांच्या कुटुंबाने या तरतुदीस आव्हान दिले. १९९६ साली घटना न्यायालयाने ती वैध ठरविली. या कुटुंबास सूडबुद्धीचे म्हणावे काय? मुळीच नाही. शासन शिक्षा माफ करू शकते; क्षमा करणे हे दुखावलेल्याच्याच हाती असते.

‘उबुंटू’ ही आफ्रिकी धारणा सांगते, की माणूस इतरांमुळेच माणूस ठरतो. मग तुटलेले नाते जोडण्याचा भार एकट्या पीडितावर कसा टाकावा? आयोगाने पीडितांसाठी सहा वर्षे वार्षिक अनुदान सुचविले होते. २००३ साली शासनाने प्रत्येकी ३०,००० रँड एकदाच देण्याचे ठरविले.

जक्कयाला प्रभूने आधी जवळ केले, हे खरे. परंतु त्या कृपेने जक्कयाचे हात मोकळे झाले, आणि लुबाडलेले चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला. आपल्या मंडळीतही आपण दुखावलेल्यास ‘क्षमा कर’ असे सांगण्याची घाई करतो. दुखावणाऱ्यास ‘परत दे’ असे कधी सांगतो काय?