काळ्या पहाडीवरचा नवस

पुण्यातल्या कोथरूडला जगभरचा सिनेमा नवा नाही. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचे खेळ इथल्या सिटी प्राइडमध्ये झाले आहेत आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं दुसरं संकुलही कोथरूडमध्येच आहे. मुर्नाउचा 'नोस्फेराटू' (१९२२) किंवा ड्रायरचा 'व्हॅम्पायर' (१९३२) इथे लागला, तर लोक तो मन लावून बघतील आणि बाहेर आल्यावर त्यातल्या सावल्यांबद्दल बोलत राहतील. तुलसी आणि श्याम रामसे यांच्या 'बंद दरवाजा'च्या (१९९०) वाट्याला मात्र हसूच येतं. रबरी वटवाघूळ, अचानक सुरू होणारी गाणी आणि कथेशी काडीचा संबंध नसलेला विनोद बघून हसू फुटतं, हे खरंच आहे. पण तीस-पस्तीस वर्षांनंतरही लोक हा चित्रपट शोधून बघतात, याचा उलगडा नुसत्या हसण्याने होत नाही. माझ्या मते त्याची ओढ त्याच्या कथेच्या पायात आहे. रामसे बंधूंनी परदेशी रक्तपिपासू आणला आणि त्याला आपल्या घरात शिरायला नवसाचा रस्ता दिला. हा रस्ता इतका अचूक आहे की, त्यावरून चालत आलेला राक्षस आपल्याला परका वाटत नाही.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'मध्ये (१८९७) एक नियम आहे. घरातल्या कुणी तरी आत बोलावल्याशिवाय ड्रॅक्युलाला त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकता येत नाही. कादंबरीत हा नियम इतर नियमांच्या गर्दीत येतो आणि मागे पडतो. 'बंद दरवाजा'ची तर सगळी उभारणीच या बोलावण्यावर आहे. वारस नाही म्हणून हवालदिल झालेली ठकुराइन मोलकरणीच्या सांगण्यावरून काळ्या पहाडीवर नेवला या रक्तपिपासू सैतानाकडे जाते. नेवलाची अट सरळ आहे: मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर माझी. मुलगी होते, आई शब्द फिरवते आणि तिथून पुढचा सगळा अनर्थ घडतो. अरुणा इराणी यांची महुआ ही मोलकरीण या कथेचा खरा कणा आहे. राक्षसाचा निरोप घेऊन कुणी अनोळखी माणूस दारात येत नाही, तो निरोप येतो घरात वावरणाऱ्या, मालकिणीचं दुःख जवळून पाहणाऱ्या बाईच्या तोंडून. अशा वेळी आपल्याकडे सल्ला देणारं माणूस बहुतेकदा असंच, जवळचं असतं.

मूल देणाऱ्याला मूलच वाहायचं, हा सौदा ट्रान्सिल्व्हेनियातून आलेला नाही. तो पुणे जिल्ह्यातल्या जेजुरीला ठाऊक होता. मूलबाळ नसलेली जोडपी खंडोबाला नवस बोलत आणि झालेलं मूल देवाला सोडत. मुलगा वाघ्या होई, मुलगी मुरळी. भंडारा लावून मुरळीचं देवाशी लग्न लागे आणि माणसाशी संसार मांडण्याची वाट तिच्यापुरती बंद होई. तिच्या वाट्याला पुढे काय येई, हे विठ्ठल रामजी शिंदे यांच्यासारख्या सुधारकांनी या प्रथेविरुद्ध उभं राहून समाजापुढे आणलं. खंडोबा आणि नेवला यांना एका पारड्यात घालण्याचा इथे प्रश्नच नाही. श्रद्धेचं दैवत वेगळं आणि डोंगरावरचा सैतान वेगळा. सारखी आहे ती देवघेवीची रीत. मोठ्यांनी आपल्या गरजेपोटी शब्द द्यायचा आणि तो फेडायचा मात्र जिला कुणी विचारलेलंच नाही अशा मुलीने. नवस फेडला नाही तर काही तरी ओढवेल, ही धास्ती ज्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वावरली, त्या घरातल्या प्रेक्षकाला नेवलाच्या अटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

तरी रामसेंनी यात एक फरक केला आहे, आणि मला तोच सर्वांत बोचतो. जेजुरीच्या नवसात मुलगाही देवाला सोडला जाई. नेवलाच्या सौद्यात मुलगा घरात राहतो, मुलगी तेवढी जाते. चित्रपट पडद्यावर आला १९९० साली. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९८८ मध्ये, गर्भलिंग चाचणीला आवर घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला होता. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. मुलगा ठेवायचा आणि मुलगी द्यायची, ही अट भुताटकीच्या कथेत ऐकणारा प्रेक्षक आणि त्या काळातला सोनोग्राफीचा बाजार, हे एकाच समाजात होते. रामसेंना यावर भाष्य करायचं होतं, असा माझा दावा नाही. त्यांना तिकिटं खपवायची होती. पण घाबरवून पोट भरणाऱ्याला समोरच्याची दुखरी जागा नेमकी ओळखावीच लागते. १९७२ मध्ये महाबळेश्वरला मोजक्या माणसांनिशी 'दो गज जमीन के नीचे' उभा करणाऱ्या या कुटुंबाने ती विद्या लहान शहरांतल्या थिएटरांतून कमावली होती. म्हणून हेतू नव्हता या आक्षेपाने माझं म्हणणं खोडलं जात नाही.

नक्कल असल्याचा आक्षेप त्याहून सोपा आहे. उंच देह, झगा, शवपेटी, निळ्या-तांबड्या उजेडातला धूर, हे सारं उसनं आहे, कबूल. पण 'नोस्फेराटू' हीदेखील 'ड्रॅक्युला'ची विनापरवाना नक्कल होती. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. पुण्याच्या नारायण धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली आहे, तरी मराठी वाचकाने ती आपली मानली. उसनं घेतलेलं कुठे रुजवलं, हे बघायला हवं. अनिरुद्ध अगरवाल यांचा नेवला फारसा बोलत नाही. त्या लांबट चेहऱ्यावर आर्जव नाही, मोह नाही. ख्रिस्तोफर ली यांचा ड्रॅक्युला बाईला भुरळ घालतो. नेवला ठरलेली वसुली करायला आलेल्या सावकारासारखा नुसता उभा राहतो. या कथेला हेच शोभतं, कारण इथे बाई मोहात पडलेली नाही, ती नडलेली आहे.

अंधश्रद्धेचा आक्षेप मात्र मला हलका वाटत नाही. ज्या पुण्यात २०१३ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तिथे काळ्या जादूचं सामर्थ्य खरं मानणाऱ्या चित्रपटाची बाजू घेताना जपूनच बोललं पाहिजे. नेवलाची शक्ती चित्रपट खरी मानतो, ठकुराइनच्या नवऱ्याच्या, म्हणजे ठाकुराच्या, पराक्रमाचं कौतुक करतो आणि बायकांची शरीरं ज्या नजरेने दाखवतो तिचं समर्थन होऊच शकत नाही. पण मूल देतो म्हणणाऱ्या, आडबाजूला बसून एकट्या बाईला बोलावणाऱ्या शक्तिमान पुरुषाला हा चित्रपट एका क्षणासाठीही तारणहार ठरवत नाही. तो त्याला रक्त पिणारा म्हणतो. मूल होण्यासाठी अंगारा-ताईत देणारे बुवा त्या काळातल्या कितीतरी कौटुंबिक चित्रपटांत सत्पुरुष म्हणून मिरवत होते, हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान राहत नाही.

चित्रपटाचा उत्तरार्ध मला तितका पटत नाही. नवसाची मुलगी काम्या मोठी होते, तिला हवा असलेला तरुण मिळत नाही म्हणून ती स्वतःच जादूटोण्याकडे वळते, आणि चित्रपट तिला वाईट चालीची ठरवून मोकळा होतो. जिचा जन्मच सौद्यात झाला तिला त्या सौद्याबद्दल काय वाटतं, हे विचारायला त्याला सवड नाही. पूर्वार्धात रामसेंच्या हाती लागलेला धागा इथे सुटला. तो उचलून मुलीच्या बाजूने ही गोष्ट सांगणारा भयपट मराठीत अजून यायचा आहे. जेजुरी जवळ आहे, धारपांचं पुणं हेच आहे, आणि कोथरूडच्या संकुलात जुन्या सिनेमाचा अभ्यास करायला बसणाऱ्या कुणालाही तो लिहिता येईल.