मधल्या न्यायालयाचा धर्म

बंगळुरूच्या चामराजपेठेतील ईदगाह मैदानावर गणपती बसवायचा की नाही, हा प्रश्न ऑगस्ट २०२२ मध्ये सहा दिवसांत न्यायव्यवस्थेच्या तीन पायऱ्या चढून गेला. मुळात वाद मालकीचा होता. वक्फ मंडळ जागा आपली म्हणत होते, तर महापालिकेच्या अधिकाऱ्याने ती महसूल खात्याची ठरवली होती. २५ ऑगस्टला कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने ‘जैसे थे’चा अंतरिम आदेश दिला. मैदान खेळासाठी राहावे, रमजान आणि बकरी ईदला तिथे नमाज व्हावी, एवढेच. दुसऱ्याच दिवशी राज्य सरकारच्या अपिलावर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला आणि ३१ ऑगस्टपासून मर्यादित काळापुरते धार्मिक-सांस्कृतिक कार्यक्रमांचे अर्ज विचारात घेण्याची मुभा सरकारला दिली.

गणेश चतुर्थी ३१ तारखेलाच होती.

एकाच न्यायालयात एका न्यायमूर्तीच्या निर्णयावर दोघांकडे दाद मागता येते, ती कर्नाटक उच्च न्यायालय कायदा, १९६१ च्या कलम ४ मुळे. यामागचा विचार मात्र फार जुना आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत कुल, श्रेणी, पूग आणि राजाने नेमलेले अधिकारी अशी चढती उतरंड आहे. खाली हरलेल्याला वर जाता येते, हा तिचा अर्थ मिताक्षरेत उलगडून सांगणारा विज्ञानेश्वर कल्याणचा, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणचा. निवाडा करणारा माणूस चुकू शकतो, हे धर्मशास्त्राने तेव्हाच मान्य केले होते.

पण मग मधल्या पायरीवर बसलेल्याने करायचे काय? खालच्याची चूक दुरुस्त करण्याचा अधिकार त्याला आहे, आणि आपलीही चूक वर दुरुस्त होईल याची जाणीवही त्याला हवी. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालात, दोन औषध कंपन्यांच्या भांडणात, सर्वोच्च न्यायालयाने इथली मर्यादा आखून दिली. आपण वेगळा निर्णय दिला असता, एवढ्याच कारणावरून खालच्या न्यायालयाचा अंतरिम आदेश बदलू नये. तो मनमानी, लहरी किंवा कायद्याची प्रस्थापित तत्त्वे डावलणारा असेल तरच हात घालावा.

श्रद्धेच्या वादात हा संयम आणखी मोलाचा ठरतो. हुकलेला सण कोणत्याही हुकूमनाम्याने परत मिळत नाही, ही भाविकांची तक्रार खरी आहे आणि ती हलक्याने घेऊ नये. तरीही उत्सव त्या वर्षी दुसऱ्या जागी होऊ शकतो. वादातल्या जमिनीवर नवी पूजा सुरू झाली, तर वादच बदलतो. पुढच्या वर्षी तीच पूजा वहिवाट म्हणून पुढे केली जाते. म्हणूनच एकल पीठाचा आदेश अधिक न्याय्य वाटतो. त्याने प्रश्न पुढच्या सुनावणीसाठी शाबूत ठेवला होता.

३० ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयात आधी दोन न्यायमूर्तींचेच मतभेद झाले. तीनच दिवसांपूर्वी सरन्यायाधीश झालेल्या उदय लळित यांनी प्रकरण तिघांच्या पीठाकडे सोपवले. त्यात न्यायमूर्ती अभय ओक होते, जे २०२१ पर्यंत याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. संध्याकाळी ‘जैसे थे’ कायम झाले आणि मूळ वाद पुन्हा उच्च न्यायालयाच्या एकल पीठाकडे गेला.

त्याच रात्री हुबळीच्या ईदगाह मैदानाबाबत धारवाड पीठाने मात्र गणेशोत्सवाला परवानगी दिली. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल, पण तसा तो नाही. हुबळीची जमीन महापालिकेची असल्याने मालकीचा तसा वाद तिथे नाही, म्हणून चामराजपेठेचा आदेश लागू होत नाही, असे न्यायमूर्ती अशोक किणगी यांनी म्हटले. कोणत्या जागी देवाला बोलवावे, हे दोन्हीकडे न्यायालयाला ठरवावे लागले नाही. जमीन कोणाची, आणि ते निश्चित होईपर्यंत तिथे नवे काय घडू द्यायचे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले.