किंमत हाही विज्ञानाचाच प्रश्न

२०२३ म्हटलं की आपल्याला २३ ऑगस्टची संध्याकाळ आठवते. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ चांद्रयानाचा 'विक्रम' उतरला आणि देशभर जल्लोष झाला. तो आनंद खराच होता. पण त्या वर्षानं वैद्यकात जे घडवलं त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा झाली नाही, याची मला आजही खंत वाटते.

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटननं 'कॅसजेव्ही'ला मान्यता दिली. क्रिस्पर तंत्रानं जनुकात फेरफार करणारा हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार, सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी. सिकलसेलमध्ये जनुकातल्या एका अक्षराच्या फरकानं तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्ण वेदनेनं तळमळतो. शास्त्रज्ञ त्या अक्षराच्या मागे लागलेच नाहीत. गर्भात असताना आपल्या रक्तात निराळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर बीसीएल११ए नावाचं जनुक त्याचं उत्पादन जवळपास थांबवतं. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून त्यांतला या जनुकाचा जोर मोडला, की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं आणि पेशींचं वाकणं टळतं. इतकी देखणी युक्ती विज्ञानात क्वचित सापडते.

आणि अमेरिकेतली किंमत? २२ लाख डॉलर. शिवाय दुरुस्त पेशी परत सोडण्याआधी कडक केमोथेरपी आणि रुग्णालयात दीर्घ मुक्काम. सिकलसेलचे रुग्ण आहेत आफ्रिकेत, आपल्या गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर. त्यांच्या दृष्टीनं हा शोध अजून अर्धाच लागला आहे.

उरलेला अर्धा भाग, म्हणजे उपचार परवडेल असा करणं, हे धर्मादायाचं काम, असं अनेकांना वाटतं. मला ते मान्य नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात 'नेक्सकार१९' या उपचाराला मान्यता मिळाली. रक्ताच्या काही कर्करोगांत रुग्णाच्याच रोगप्रतिकारक टी-पेशी काढून त्यांत नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या कर्कपेशी ओळखून मारतात. अमेरिकेत अशा उपचाराला तीन-चार कोटी रुपये लागतात. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटानं टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांसोबत तो इथेच घडवला आणि खर्च सुमारे चाळीस लाखांवर आणला. जनुक पेशीत पोहोचवणारा विषाणूसुद्धा बाहेरून विकत न घेता इथेच तयार केला. हे निव्वळ संशोधन आहे, वर्षानुवर्षांच्या कष्टाचं. चाळीस लाख शेतकऱ्याच्या घराला झेपत नाहीत हेही तितकंच खरं, म्हणून काम संपलेलं नाही.

मलेरियाच्या 'आर२१' लशीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. २ ऑक्टोबरला जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली. ऑक्सफर्डमध्ये विकसित झालेली ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते, आणि एका डोसला दोन ते चार डॉलर पडतात. आफ्रिकेतल्या लहान मुलांपर्यंत ती पोहोचू शकते, कारण मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात उत्पादन करण्याचा विचार आधीपासून झाला होता.

सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार घडवण्याचं काम दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेत सुरू आहे. चांद्रयानाला आपण जसा पैसा, वेळ आणि अपयश पचवण्याची मुभा दिली, तशीच या कामालाही द्यावी, आणि तशी मागणी वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे मोठ्यानं करावी.