साध्या पोलादाचा सांधा

आमच्या धंद्यात कार्बन स्टीलला कुणी भाव देत नाही. स्टेनलेसचे काम आले की त्याला वेगळा कोपरा, वेगळी ग्राइंडिंग व्हील, वेगळे ब्रश मिळतात. क्रोम-मॉलीचे काम आले तर आठवडाभर बैठका चालतात. कार्बन स्टीलचा जॉब आला की फोरमन एवढेच म्हणतो, "एमएसच आहे, सेव्हंटी-एटीन लावा." मग मागच्या जॉबची डब्ल्यूपीएस, म्हणजे वेल्डिंगची लेखी कार्यपद्धती, काढायची, वरचा जॉब नंबर बदलायचा आणि सही करायची. भोसरीतल्या एका शॉपमध्ये मी नोकरीची पहिली वर्षे काढली, तेव्हा मीही हेच करत होतो. पुढे माझ्या वाट्याला जे सांधे दुरुस्तीसाठी आले त्यांतले बहुतेक याच 'साध्या' पोलादाचे होते. वेल्डरचा हात कच्चा होता असे त्यांत क्वचितच आढळले. बहुतेक ठिकाणी इंजिनिअरने विचार न करता जुना कागद उचललेला होता.

रॉडवरचा आकडा वाचायला सगळेच शिकतात. ई-७०१८ मधले सत्तर म्हणजे वितळून बसलेल्या धातूची ताणशक्ती दर चौरस इंचाला किमान सत्तर हजार पौंड, सुमारे ४९० मेगापास्कल. ई-६०१३ ची साठ हजार, सुमारे ४३० मेगापास्कल. आता आपल्याकडचे रोजचे आयएस २०६२ ई-२५० पोलाद घ्या. त्याची किमान ताणशक्ती ४१० मेगापास्कल. म्हणजे निव्वळ हिशेबाने पाहिले तर ६०१३ पुरते. तरीही जाड प्लेटला किंवा प्रेशर व्हेसलला आपण ७०१८ का लावतो, असे नव्या इंजिनिअरला विचारले की तो सांगतो, "जास्त ताकदीचा आहे म्हणून." हे उत्तर अपुरे आहे. खरा फरक शेवटच्या आकड्यात, म्हणजे आवरणात आहे. ६०१३ चे आवरण रुटाइलचे असते. त्याचा आर्क सहज लागतो, बीड देखणा बसतो, स्लॅग लगेच सुटतो. ७०१८ चे आवरण चुनखडी आणि फ्लोरस्पारचे, लोखंडाची भुकटी मिसळलेले, आणि कारखान्यातच इतके भाजलेले की त्यात ओलावा जवळजवळ उरत नाही. उणे ३० अंश सेल्सिअसच्या आसपास चार्पी चाचणीत किमान २७ जूल ऊर्जा शोषण्याची अट ७०१८ ला आहे, ६०१३ ला तशी कोणतीच अट नाही. म्हणजे ७०१८ निवडताना आपण धातूचा चिवटपणा आणि कमी हायड्रोजन या दोन गोष्टी निवडत असतो. त्याची वाढीव ताकद हा त्यातला सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे.

ताकदीचा मोह मात्र सुटत नाही. ग्रेड ७० च्या प्लेटला ई-८०१८ मागणारे ग्राहक मी पाहिले आहेत. एक पायरी वर गेलो की सुरक्षितता वाढली, असे त्यांना मनापासून वाटते. पण सांध्याचा धातू प्लेटपेक्षा फार वरचढ झाला की थंड होताना तो स्वतः दबत नाही, सगळा ताण शेजारच्या तापलेल्या पट्ट्यावर ढकलतो, आणि तो पट्टाच आधी सर्वांत नाजूक झालेला असतो. प्लेटची ताकद गाठणारा आणि तिच्याबरोबर थोडा वाकणारा धातू मला नेहमी जास्त विश्वासाचा वाटतो.

७०१८ च्या निवडीचा खरा अर्थ मला एका जुलैमध्ये कळला. एसए-५१६ ग्रेड ७० च्या १६ मिलिमीटर प्लेटवर नवी पीक्यूआर करायची होती. डब्ल्यूपीएस म्हणजे 'असे करू' हे सांगणारा कागद, आणि पीक्यूआर म्हणजे 'असे केले, आणि तोडून पाहिल्यावर हे निघाले' हे सांगणारा. कुपन, म्हणजे चाचणीसाठी जोडायची प्लेट, आमच्या सर्वांत जुन्या वेल्डरने मारले. त्यांना अख्खे शॉप मामा म्हणायचे. एक्स-रे पास झाला. दोन ताणचाचण्या पास झाल्या. मग चार साइड बेंड झाले. दहा मिलिमीटर जाडीची पट्टी चाळीस मिलिमीटरच्या मँड्रेलवर १८० अंशांत वाकवायची, आणि तीन मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली तर नापास. पहिली पट्टी ठीक निघाली. दुसऱ्या पट्टीवर पाच मिलिमीटरची चीर उघडली आणि तिसरी तर अर्धी फाटली. फाटलेल्या पृष्ठभागावर चकचकीत गोल ठिपके होते आणि प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी एक बारीक छिद्र. आमच्या भाषेत फिश आय. धातूत अडकलेल्या हायड्रोजनची ही खूण आहे.

मी ओव्हनकडे गेलो. ओव्हन थंड होता. ग्राइंडरला सॉकेट हवे म्हणून हेल्परने आदल्या दिवशी त्याचा प्लग काढला होता आणि परत लावायचे राहून गेले होते. पावसाळ्यातल्या त्या हवेत रॉडचे पाकीट रात्रभर उघडे पडले होते. चुनखडीचे आवरण हवेतले पाणी शोषून घेते, आर्कच्या उष्णतेत त्या पाण्याचा हायड्रोजन होतो आणि तो वितळलेल्या धातूत शिरतो. पाकिटावरच्या एच-४ चा अर्थ, बसलेल्या १०० ग्रॅम धातूत हायड्रोजन ४ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. पण ते वचन कारखान्यातून निघालेल्या कोरड्या रॉडचे असते. ओव्हनबाहेर रात्र काढलेल्या रॉडला ते लागू राहत नाही.

प्रयोगशाळेतल्या माणसाने सुचवले, की उरलेल्या प्लेटमधून नव्या पट्ट्या कापू आणि वाकवण्याआधी रात्रभर भट्टीत ठेवू, म्हणजे हायड्रोजन निघून जाईल आणि पट्ट्या पास होतील. शास्त्र म्हणून त्याचे बरोबर होते. मी क्षणभर विचारात पडलो, हे मान्य करतो. मामा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "साहेब, पट्टी भट्टीत टाकाल. टाकी कुठल्या भट्टीत टाकणार?" त्या जॉबला वेल्डनंतरची उष्णताप्रक्रिया नव्हती. आम्ही कुपन भंगारात टाकले.

दुसरे कुपन ऑगस्टमध्ये मारले. रॉड ३५० अंशांवर दोन तास भाजले, मग १२० अंशांवर ठेवले, वेल्डरच्या हाती छोट्या पोर्टेबल ओव्हनमधून थोडे थोडे दिले, आणि चार तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला रॉड परत आणायचा असा नियम केला. चारही बेंड स्वच्छ निघाले, चार्पीचे आकडेही चांगले आले. १६ मिलिमीटरच्या कुपनवर ३२ मिलिमीटरपर्यंतच्या जाडीची परवानगी मिळते, ती मिळाली. एक गोष्ट मात्र मनात राहिली. एएसएमईच्या सेक्शन नाइनमध्ये इसेन्शियल व्हेरिएबलची, म्हणजे जी बदलली की पुन्हा परीक्षा द्यावी लागते अशा बाबींची यादी आहे. त्यात प्लेटचा पी-नंबर आहे, रॉडचा एफ-नंबर आहे, जाडी आहे, वेल्डनंतरची उष्णताप्रक्रिया आहे, प्रीहीट ५५ अंशांपेक्षा जास्त उतरवणे आहे. रॉड कसा सुकवला हे त्यात नाही. कोड किमान मागतो आणि उरलेले तुमच्या जाणतेपणावर सोडतो. म्हणून आम्ही ते डब्ल्यूपीएसमध्ये स्वतःहून लिहिले. ओव्हनला स्वतंत्र सॉकेट दिले आणि त्याची किल्ली कुणाकडे राहील तेही ठरवले.

त्याच ऑगस्टच्या कागदावर माझ्याकडून एक चूक झाली, आणि ती मला त्या फाटलेल्या पट्टीपेक्षा जास्त सलते. पीक्यूआरमध्ये करंट, व्होल्टेज आणि वेग प्रत्यक्ष मोजून लिहायचे असतात. कुपन मारले त्या दिवशी मी दोनदा ऑफिसात गेलो. संध्याकाळी तक्ता भरताना डब्ल्यूपीएस समोर ठेवली आणि तिच्या मर्यादेतला एक आकडा लिहून टाकला : चार मिलिमीटरचा रॉड, १७० अँपिअर, २५ व्होल्ट, मिनिटाला १२० मिलिमीटर. मामांनी प्रत्यक्षात साधारण १४० अँपिअरवर, बारीक बारीक सरळ पास टाकून काम केले होते. त्यांची पद्धतच ती होती.

दोन वर्षांनी कमी तापमानाला चालणाऱ्या एका व्हेसलसाठी तीच पीक्यूआर काढली. चार्पी चाचणी लागू असली की उष्णतेचा भार, म्हणजे सांध्याच्या दर मिलिमीटरला दिलेली ऊर्जा, हीही मर्यादा बनते. माझ्या कागदाप्रमाणे तो २.१ किलोजूल होता. प्रत्यक्षात कुपनला मिळाला होता १.३ च्या आसपास. नव्या वेल्डरने कागद प्रमाण मानला आणि १७० अँपिअरवर रुंद विणत काम केले. त्याचे काहीच चुकले नव्हते. प्रॉडक्शन टेस्ट प्लेटची चार्पी कोसळली. जास्त उष्णता, सावकाश थंड होणे, भरड कण, हे कारण कुणीही सांगेल. कागदावरचा तो आकडा कुठून आला, हे मात्र फक्त मला ठाऊक होते. मी जाऊन सांगितले. सांधे कोरून पुन्हा भरले.

त्यानंतर मी प्लेटचे टेस्ट सर्टिफिकेटही वेगळ्या नजरेने वाचायला लागलो. ग्रेडचे नाव एकच असले तरी प्लेट एकसारखी नसते. एसए-५१६ ग्रेड ७० मध्ये १२.५ ते ५० मिलिमीटर जाडीला कार्बन ०.२८ टक्क्यांपर्यंत आणि मँगनीज १.२० पर्यंत चालतो. कार्बन अधिक मँगनीजचा सहावा भाग, एवढा ढोबळ हिशेब केला तरी ०.२० कार्बन आणि १.१० मँगनीजची प्लेट ०.३८ वर बसते, आणि मर्यादेला टेकलेली प्लेट ०.४८ वर. पहिलीला फार लाड लागत नाहीत. दुसरी जाड असेल आणि थंड असताना तिच्यावर वेल्ड केले, तर सांध्याशेजारचा पट्टा कडक होतो, आणि हायड्रोजन असला तर दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, तडा जातो. दोन्ही प्लेटचा पी-नंबर एकच, दोन्हींवर चालणारी पीक्यूआरही एकच. फरक दिसतो तो फक्त सर्टिफिकेटवर, आणि ते बहुधा स्टोअरमधल्या फाइलमध्ये पडून असते.

या विषयावर बोलताना मी शिकागोजवळच्या रोमिओव्हिलची घटना सांगतो. तिथल्या युनियन ऑइलच्या रिफायनरीत वायू शुद्ध करणारा एक उंच अमाइन अ‍ॅब्सॉर्बर होता. एक इंच जाडीचा, याच ग्रेड ७० च्या पोलादाचा. १९७४ साली त्याचे एक कडे जागेवरच कापून बदलले गेले. वेल्डनंतरची उष्णताप्रक्रिया केली नाही, कारण त्या जाडीला कोडने ती मागितली नव्हती. सांध्याशेजारचा पट्टा कडक राहिला. आत हायड्रोजन सल्फाइड होता, त्यातून निघणारा हायड्रोजन वर्षानुवर्षे त्या पट्ट्यात शिरत राहिला. २३ जुलै १९८४ च्या संध्याकाळी एका कामगाराला सांध्यालगतच्या आडव्या चिरेतून वायू गळताना दिसला. तो व्हॉल्व्ह बंद करायला धावला, तोवर चीर वाढत गेली आणि व्हेसल दुभंगले. स्फोटात आणि आगीत १७ माणसे गेली. त्यातली बरीच रिफायनरीच्याच अग्निशमन दलातली होती.

ताण आणि बेंड या दोन चाचण्यांत हा धोका दिसत नाही. नेहमीच्या ग्रूव्ह सांध्याच्या पीक्यूआरला सेक्शन नाइन कडकपणाची चाचणी मागत नाही. ती मागायची असते आत काय भरणार आहे हे माहीत असलेल्या माणसाने. आज अशा सेवेतल्या कार्बन स्टीलसाठी सांध्याचा कडकपणा २०० ब्रिनेलच्या आत आणि तापलेल्या पट्ट्याचा २४८ व्हिकर्सच्या आत ठेवायची रीत आहे. तरीही चौकशीच्या कागदावर 'सेवा : प्रोसेस गॅस' एवढेच लिहून आलेले जॉब मी पाहिले आहेत, आणि तेवढ्यावर रॉड निवडून मोकळे झालेले इंजिनिअरही.

हे वाचणाऱ्या तरुण इंजिनिअरांना माझी विनंती आहे. कार्बन स्टीलचा पुढचा जॉब आला की जुनी डब्ल्यूपीएस काढण्याआधी प्लेटचे सर्टिफिकेट मागवा आणि टाकीत काय भरणार ते ग्राहकाला विचारा. कुपन मारायच्या दिवशी ओव्हनला हात लावून पाहा, क्लॅम्प मीटर घेऊन वेल्डरशेजारी शेवटच्या पासपर्यंत उभे राहा, आणि मीटरवर जो आकडा दिसेल तोच लिहा.