वारसा कोणत्या कबरीचा?

कबरींची जियारत करावी, कारण त्यामुळे आखिरतची आठवण राहते, ही शिकवण आम्हाला लहानपणापासून मिळालेली आहे. माणूस मेल्यावर त्याच्या कर्मांचा हिशेब थांबतो. चालू राहतो तो सदका-ए-जारिया, लोकांच्या कामी येणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक औलाद, ही हदीसही पाठ आहे. प्रश्न एवढाच की, इतिहासातल्या कबरींसमोर उभे राहताना आम्ही ही कसोटी लावतो का?

खुलताबादचेच उदाहरण घेऊ. दौलताबाद आणि वेरूळ यांच्या मधल्या डोंगरावरचे हे गाव पूर्वी रौजा म्हणून ओळखले जाई. चौदाव्या शतकात दिल्लीहून दख्खनमध्ये आलेल्या पहिल्या सूफींपैकी शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे आहेत. त्यांची वफात १३३७ ची. त्यांच्या मुरीदांनी त्यांचे बोल लिहून ठेवले, म्हणून ते आजही वाचता येतात. अरबी-फारसीचे थोर विद्वान आझाद बिलग्रामी (वफात १७८६) याच मातीत आहेत. आणि १७०७ मध्ये अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) वारलेला औरंगजेब शेख जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या अंगणात, छत नसलेल्या मातीच्या कबरीत आहे.

२०२५ च्या मार्चमध्ये या एका कबरीवरून राज्यात वाद पेटला आणि नागपुरात हिंसा झाली. अशा वेळी आम्हाला विचारले जाते, तुम्ही कोणाचे? मग कोणी बादशहाची वकिली करतो, कोणी घाईने हात झटकतो. पण वकिली करा की हात झटका, दोन्हींत बादशहाचे वारस आम्ही, हे आधीच मान्य केलेले असते. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, मणियार यांच्या घरात जन्मलेल्यांनी तख्ताचा हिशेब का द्यावा? बादशहाचा हिशेब बादशहा देईल. कुरआन सांगतो की कोणी कोणाचे ओझे वाहणार नाही.

खुलताबादलाच मलिक अंबरचा मकबरा आहे. तिथे गर्दी नसते. हबशी मुलूखात जन्मलेला हा माणूस गुलाम म्हणून पुन्हा पुन्हा विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीची मोजणी करून त्याने शेतसारा ठरवला. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. तोही तलवारीचाच माणूस होता, त्याला वली करण्याचे कारण नाही. पण तहानलेल्या शहरासाठी त्याने जमिनीखालून नहर आणली. ते पाणी भरताना कोणी कोणाची जात विचारली नसेल.

त्या नहरीचा बराच भाग आज उपेक्षेत आणि वस्त्यांखाली गेला आहे. त्याबद्दल मोर्चा निघत नाही, जलसा भरत नाही. कबरीच्या इज्जतीसाठी आम्ही रस्त्यावर येतो आणि कबरीतल्या माणसाचे चालू राहणारे पुण्य डोळ्यांदेखत बुजत जाते.

वारसा रक्ताने मिळतो तसा कामानेही मिळतो, आणि कामाचा वारसा निवडता येतो. शाळेची सहल खुलताबादला नेली, तर मुलांना अंबरच्या मकबऱ्यापाशीही थांबवावे, फातेहा पढवावी आणि परतताना शहरात नहरीचा एखादा शिल्लक बंबा दाखवावा. आपल्या गावच्या कबरस्तानात विहीर खोदणारा, मदरशाला जागा देणारा, बायाबापड्यांना अक्षरे शिकवणारा कोण निजला आहे, हे त्यांनी घरी जाऊन आजोबांना विचारावे. त्या कबरींवर बहुधा नावाचा दगडही नसेल.