आवडतें पुस्तक आणि आपला धर्म

‘देवळाशीं माझा संबंध नाहीं, एक पुस्तक आहे, तोच माझा धर्म,’ असें सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आतां विरळा राहिले नाहींत. कोणी ज्ञानेश्वरीचें नांव घेतो, कोणी टॉलस्टॉयच्या ग्रंथाचें, कोणी एखाद्या कवितासंग्रहाचें. या म्हणण्याचा उपहास करावा असें आम्हांस वाटत नाहीं. जन्मानें आलेल्या धर्मापेक्षां विचारपूर्वक निवडलेला धर्म अधिक आपला असतो, हें मान्य करण्यास हरकत नसावी. प्रश्न इतकाच कीं, जें आपणांस आवडतें तें आपला धर्म होऊं शकतें काय?

पुस्तक आवडतें तें बहुधा आपल्याच मनांतील गोष्ट तें आपल्याहून चांगल्या शब्दांत सांगतें म्हणून. धर्माचें काम निराळें आहे. मनाची धांव एकीकडे असतां ‘तिकडे जाऊं नको’ असें सांगण्याचा अधिकार आपण ज्याला देतों, तो धर्म. आवडींत होकार असतो. धर्मांत नकारासहि जागा असावी लागते.

विल्की कॉलिन्सच्या १८६८ सालच्या ‘दि मूनस्टोन’ या कादंबरींत बेटरेज नांवाचा एक वृद्ध कारभारी आहे. ‘रॉबिन्सन क्रूसो’ हें त्याचें धर्मपुस्तक. अडचण आली कीं तें उघडावें, त्यांत आपल्या प्रसंगास लागू पडणारें वाक्य शोधावें आणि पाइप ओढीत निश्चिंत व्हावें, हा त्याचा क्रम. अशा रीतीनें त्यानें सहा प्रती झिजविल्या. वाचकांस हंसूं येतें. परंतु रामशलाका पाहणाऱ्या आपल्या समाजानें फार हंसूं नये. बेटरेजचा ग्रंथ त्याला धीर देतो, भविष्य सांगतो. त्याचें वर्तन मात्र बदलावयास लावीत नाहीं.

याच्या उलट उदाहरण गांधीजींचें. १९०४ सालीं जोहान्सबर्गहून दर्बानला निघतांना पोलक या मित्रानें त्यांच्या हातीं रस्किनचें ‘अन्टु धिस लास्ट’ हें लहानसें पुस्तक दिलें. प्रवास चोवीस तासांचा होता; रात्रीं झोंप आली नाहीं. या पुस्तकापासून आपण तीन तत्त्वें शिकलों, असें त्यांनीं आत्मकथेंत सांगितलें आहे: सर्वांच्या हितांत आपलें हित, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचें मोल सारखें, आणि अंगमेहनतीचें जीवन हेंच जगण्यासारखें जीवन. पहिलें त्यांस ठाऊक होतें, दुसरें अंधुकपणें जाणवत होतें, तिसरें मनांत कधीं आलेंच नव्हतें. आमच्या मतें सारें मर्म या तिसऱ्यांत आहे. केवळ पहिलेंच भेटलें असतें, तर पुस्तक आवडतें झालें असतें, इतकेंच. तिसऱ्यानें त्यांस त्याच वर्षीं फिनिक्स येथें जमीन घेऊन वस्ती करावयास लावलें.

मग ग्रंथापुढें बुद्धि गहाण टाकावयाची काय? मुळींच नाहीं. १९०७ सालीं मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांस कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं त्यांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पुस्तक हातीं पडल्यापासून दीक्षेपर्यंत ४९ वर्षें गेलीं. त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘दि बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथांत सिद्धार्थाच्या गृहत्यागाची रूढ कथाहि त्यांनीं तपासून नाकारली आहे. परीक्षा आणि निष्ठा एकत्र नांदूं शकतात, त्या अशा. ज्यानें ग्रंथास प्रश्न विचारावे, त्यानें ग्रंथाचे प्रश्नहि ऐकून घ्यावे.

हें दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, तेंहि सांगितलें पाहिजे. मार्कस ऑरेलियस या रोमन बादशहानें ग्रीक भाषेंत स्वतःसाठीं लिहिलेलीं टिपणें विद्यार्थिदशेपासून आमच्या उशाशीं आहेत. हाच आमचा धर्म, असें आम्हीहि म्हणत आलों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या संस्थेंतील एका शिपायावर ग्रंथालयांतील पुस्तकें नाहींशीं केल्याचा आळ आला. ज्या दिवशीं तीं गेलीं, त्या दिवशीं आम्हींच त्याला परगांवीं कामास धाडलें होतें. सभेंत हें एका वाक्यांत सांगतां आलें असतें. परंतु आळ घेणारे वजनदार होते, आणि आम्ही गप्प बसलों. शिपायाची नोकरी गेली. त्या रात्रीं आम्हीं तें पुस्तक उघडलें, जें आपल्या हातीं नाहीं त्याचा शोक करूं नये अशा अर्थाचीं, पूर्वीं खुणा केलेलीं वाक्यें वाचलीं, आणि आम्हांस स्वस्थ झोंप लागली. बेटरेजहून आम्ही कोठें निराळे होतों?

पुढें एकदां सहज चाळतांना नवव्या भागांत एक वाक्य दिसलें. अन्याय केवळ कृतीनें घडतो असें नाहीं, कांहीं न करण्यानेंहि घडतो, अशा अर्थाचें तें आहे. तीस वर्षांत तें पान आम्हीं कितीदां तरी उलटलें असेल. पण त्या वाक्याखालीं आमच्या पेन्सिलीची रेघ नव्हती. दुसऱ्याच दिवशीं आम्हीं चालकांकडे जाऊन खरें तें सांगितलें. तोंवर शिपाई गांव सोडून गेला होता. त्याचा ठिकाणा अद्याप लागलेला नाहीं.

म्हणून आवडत्या पुस्तकास धर्म म्हणणाऱ्या वाचकांस आमची एकच विनंती आहे. त्यांनीं तें एकदां पुन्हा उघडावें, आणि ज्या ओळींखालीं आपण कधींच रेघ ओढली नाहीं, त्या सावकाश वाचून पाहाव्या.