भाचीबाई, आधी कागद वाचायला शीक

चि. भाचीबाईंस,


तुझं पत्र पोचलं. वक्तृत्वाची ढाल घरी आली आणि तेव्हापासून सगळे ‘ही वकीलच होणार’ म्हणतात, असं तू लिहिलंस. वकील हो, मला फार आनंद होईल. पण चांगलं बोलता येतं एवढ्यावरच हा निर्णय घेऊ नकोस. तालुक्याच्या कोर्टात वकिलाचा बहुतेक वेळ वाचण्यात, ऐकून घेण्यात आणि लिहिण्यात जातो. दावा उभा राहतो किंवा पडतो तोही तिथेच.

प्रवेशाचं आधी उरकतो. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन्हींना राज्याची सीईटी. मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पाच वर्षांसाठी जायचं तर क्लॅट. मग महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेच्या नोंदणीला पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते थांबवलं. आता खुल्या गटाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही. न्यायाधीश व्हायचं मनात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेआधी तीन वर्षं वकिली करण्याची अट घातली. मला हे योग्य वाटतं. पक्षकाराचं दुःख जवळून ऐकलेल्या माणसानेच त्याचा निकाल लिहावा.

आता खऱ्या तयारीकडे येतो. समज, एक बाई पिशवीभर कागद घेऊन आली. वडिलांच्या शेतात भावांनी तिचं नाव लागू दिलं नाही, तिला वाटणी हवी आहे. कायद्याचं पुस्तक वाचलेली मुलगी लगेच सांगेल की हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि वडील त्याआधी वारले असले तरी तो आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. बरोबर आहे. पण तेवढ्यावर दावा लिहायला बसू नकोस. जमीन वडिलांकडे कशी आली? वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? सातबारा आणि आठ-अ यांवर थांबू नकोस, जुने फेरफार मागव. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, तर ती वाटणी टिकते. एखाद्या फेरफारात ‘बहिणींनी हक्क सोडला’ अशी ओळ सापडेल. ती वाचून हातपाय गाळू नकोस. फेरफार महसुलासाठी असतो, तेवढ्याने मालकी येतही नाही आणि जातही नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आहे का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर पिशवीत नसेल तर त्या बाईकडे असेल. तिच्याबरोबर आलेला पुतण्या किंवा जावईच सगळं बोलत असेल, तर त्याला थोडा वेळ बाहेर बसव. मग ती हळूच सांगेल की भावाच्या मुलाच्या लग्नाआधी दुय्यम निबंधकाकडे जाऊन एका कागदावर सही केली होती. हे दावा दाखल करण्यापूर्वी कळलं तर मार्ग शोधता येतो. उलटतपासात समोरच्या वकिलाकडून कळलं तर नुकसान तिचं होतं. बायकांची ही अडचण जुनीच आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तरी बाईला वकिलीची सनद मिळण्यातली आडकाठी देशभर दूर झाली ती १९२३ च्या कायद्याने. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेचे प्रश्न हाताळण्यात घालवली. त्या बायकांना पुरुष वकिलासमोर येताच येत नसे. आजही पुष्कळ बायका आपली हकीकत वकीलबाईलाच मोकळेपणी सांगतात, आणि तालुक्याला अशा वकीलबाई कमी आहेत.

लिहिण्याचंही तसंच. दाव्यात जे मांडलं नाही त्यावर पुढे पुरावा देता येत नाही. समन्स लागल्यापासून कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची असते; कोर्टाने कारण नोंदवल्यास साधारणपणे ९० दिवसांपर्यंत मुदत मिळते. या मुदती डायरीत लिहिणं हाही वकिलीचाच भाग आहे.

मराठी माध्यमातली म्हणून घाबरू नकोस. खालच्या कोर्टांचं कामकाज मराठीत चालावं असं शासनाने १९९८ मध्येच ठरवलं. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, चतुःसीमा वाचून समजून घेणारा माणूस इथे लागतो. मोडी शिकलीस तर उत्तमच. पण उच्च न्यायालयाचे निकाल इंग्रजीत असतात, म्हणून रोज एक निकाल पूर्ण वाचायची सवय आत्तापासून लाव. फौजदारीत १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तरी त्याआधीचे गुन्हे जुन्या दंडविधानाखालीच चालतात. त्यामुळे तुमच्या पिढीला दोन्हींची कलमं पाठ असावी लागतील.

पैशाचं स्पष्ट सांगतो, कारण साध्या घरातली हुशार मुलं इथेच गळतात. पहिली वर्षं ओढाताणीची असतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, असं सुचवलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. सीनियरकडे जाताना दरमहा काय मिळेल हे विचार. त्यात संकोच कसला? ज्युनिअरला फुकट राबवणं मला अन्याय वाटतो, आणि हा अन्याय न्यायाच्या आवारात होतो म्हणून जास्तच बोचतो. सीनियर निवडताना त्याच्या नावापेक्षा त्याच्या फायली बघ.

मेमध्ये कोर्टाला सुट्टी असते. म्हणून अकरावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच ये. न्यायदालन सगळ्यांना खुलं असतं, मागच्या बाकावर कुणालाही बसता येतं. आठवडाभर बस, साक्षी ऐक, संध्याकाळी माझ्याबरोबर फायली वाच. त्यानंतरही हेच काम करावंसं वाटलं, तर तुझ्या आईशी मी बोलेन.

तुझा,
मामा